नाक घडविण्याआधी

१७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याकडील एक हकीकत छापली. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीचे नाक टिपूने कापविले होते. विटा करणाऱ्यांच्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा घडविले. (हातांचा कसब पाहा!) त्या बिचाऱ्याची गरज उघड होती. केवळ देखणेपणासाठी जाणाऱ्याने मात्र आधी श्वासाचे विचारावे; नाक बारीक करताना आतली वाटही अरुंद होऊ शकते. करारपत्रासारखे संमतिपत्र कलमवार वाचावे. शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागल्यास खर्च कोणाचा, तेही विचारावे. विडी-सिगारेट काही आठवडे आधीच सोडावी. सूज पुरती ओसरायला वर्षही लागते. पहिले काही आठवडे चष्मा नाकावर टेकवता येत नाही. तेव्हा चष्म्यावाचून ज्याचे काम अडते, त्याने रजेचा हिशेब आधीच मांडावा.