तेलांतील पाणी आणि बेअरिंगचें आयुष्य

वंगणाचें तेल कोणत्या प्रतीचें घ्यावें याची चौकशी बहुतेक शेतकरी बंधु करतात. परंतु घेतलेल्या तेलांत पुढें पाणी शिरतें कीं काय, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

इंग्लंडांत बीचम टॉवर यांनीं १८८३ सालीं आगगाडीच्या आंसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. फिरता आंस तेलास आपल्याबरोबर ओढून नेतो व त्या तेलाच्या दाबावरच सर्व भार तोलला जातो, असें त्यांत दिसून आलें. गोळ्यांच्या व रुळांच्या बेअरिंगांत तेलाचा हा थर बहुधा केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही पातळ असतो. तेथील प्रचंड दाबाखालीं तेल घट्ट होतें, म्हणूनच तें भार पेलतें. पाण्यास तो गुण नाहीं. पाणी आलें कीं थर तुटतो व धातूस धातु लागतो. शिवाय गंज चढतो, तेल लवकर बिघडतें, आणि पाण्यांतून सुटणारा हायड्रोजन पोलादांत शिरून त्यास ठिसूळ करतो.

वेग वाढला कीं हे आघातही मिनिटागणिक वाढतात. ट्रॅक्टरच्या टर्बोचार्जरचा आंस तर मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतो.

किती पाणी घातक? कँटली या संशोधकानें १९७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असें दिसतें कीं, तेलाच्या दहा लाख भागांत पाण्याचे १०० भाग असतां जें आयुष्य मिळतें, तें ४०० भाग होतांच निम्म्याहूनही कमी होतें. हे ४०० भाग म्हणजे पांच लिटर तेलांत सुमारें दोन मिलिलिटर. चहाचा अर्धा चमचाही नव्हे! तेल दुधाळ दिसेपर्यंत थांबणें म्हणजे नुकसान होऊं देणें होय.

पाणी शिरतें तें बहुधा आपल्याच हयगयीनें. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचें पाणी सांचतें. दिवसां पिंप तापून आंतील हवा बाहेर पडते. रात्रीं तें निवतांना बुचाच्या फटींतून हवेबरोबर हें पाणीही आंत ओढलें जातें. यास्तव पिंप छपराखालीं ठेवावें; तें शक्य नसल्यास आडवें करून दोन्हीं बुचें एका समपातळींत, तेलाखालीं राहतील असें ठेवावें. यंत्र धुतांना गिअरपेटीच्या हवेच्या छिद्रावर व तेलसीलवर पाण्याचा फवारा मारूं नये. शंका आल्यास तेलाचा एक थेंब तापलेल्या तव्यावर दुरून टाकावा. तडतडला तर पाणी आहे असें समजावें. एंजिनाचें तेल बदलूनही पुन्हां दुधाळ झालें, तर हेडचें गॅस्केट अवश्य तपासून घ्यावें. ऐन पेरणींत यंत्र बंद पडण्यापेक्षां ही खबरदारी केव्हांही स्वस्त होय.