मिठाच्या झाकणाखालचं तेल

दोस्तांनो, खनिज तेल म्हटलं की जमिनीखाली काळ्याभोर तेलाचं एक भलंमोठं तळं असणार, असंच वाटतं ना? तसं तळंबिळं काही नसतं. स्पंजात पाणी मुरावं, तसं तेल खडकाच्या बारीक बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. आपल्या मुंबई हायचं तेलही चुनखडीतच सापडलं. १९७४ साली 'सागर सम्राट'नं तिथं विहीर खणली. समुद्र होता जेमतेम ७५ मीटर खोल!

आता ब्राझीलला चला. रिओ द जानेरोपासून सुमारे ३०० किलोमीटर आत 'तुपी' नावाचं तेलक्षेत्र आहे. (नावाचा तुपाशी काही संबंध नाही हं! तुपी हे तिथल्या मूळ रहिवाशांचं नाव.) २००६ साली पेट्रोब्रास कंपनीला तिथं तेल लागलं. वर दोन किलोमीटर पाणी, खाली खडकांचे थर, मग जवळजवळ दोन किलोमीटर जाडीचा मिठाचा थर, आणि त्याच्याही खाली तेल!

समुद्राच्या तळाखाली एवढं मीठ आलं कुठून? घरातला नकाशा उघडा. दक्षिण अमेरिकेचा फुगीर खांदा आफ्रिकेच्या खळग्यात कसा चपखल बसतो, पाहा. सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वी हे दोन्ही खंड एकमेकांपासून फाटत होते. मधल्या खोलगट भागात तळी साचली. त्यांतली सूक्ष्म शेवाळं मरून चिखलात गाडली गेली, त्यांचंच पुढं तेल झालं. त्याच तळ्यांत चुना आणि शिंपल्यांचे थर साचले, तो झाला तेल साठवणारा खडक. मग फटीतून समुद्र आत शिरला. पाणी यायचं, आटायचं, पुन्हा यायचं. आपल्या उरणच्या मिठागरांत होतं तेच, फक्त अवाढव्य प्रमाणावर.

मिठाला छिद्रं जवळजवळ नसतात, म्हणून खालचं तेल निसटलं नाही. शिवाय मीठ उष्णता लवकर वर जाऊ देतं. त्यामुळं खालचे खडक फार तापले नाहीत, नाहीतर तेलाचा वायूच होऊन बसला असता.

पण हेच मीठ माणसाला छळतं. जहाजावरून सोडलेल्या ध्वनिलहरी त्यात वाकड्यातिकड्या होतात आणि खालचं चित्र धूसर दिसतं. प्रचंड दाबाखाली मीठ हळूहळू सरकतं आणि खोदकामाच्या नळ्या आवळून धरतं. म्हणून विहिरीला आतून जाड पोलादी नळीचं अस्तर द्यावं लागतं. वर येणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइडही बराच असतो. तो हवेत सोडला तर पृथ्वी आणखी तापेल, म्हणून वेगळा काढून पुन्हा खडकात दाबतात. तेल जाळल्यावर निघतो, तो मात्र हवेतच जातो!

आता पुन्हा नकाशा बघा. खंड खरंच जोडलेले होते, तर पलीकडं आफ्रिकेतही असं तेल हवं, नाही का? भूवैज्ञानिकांनीही हेच ताडलं. २०१२ साली अंगोलाच्या खोल समुद्रात मिठाखाली तेल सापडल्याची बातमी आली.