रुळांपलीकडची सूचना

प्रॉटेस्टंट मंडळीच्या रविवारच्या उपासनेत शेवटच्या गीताच्या आगेमागे चारपाच मिनिटांचा एक भाग असतो. धर्मशास्त्राच्या पुस्तकात त्याला फारसे स्थान नाही. परंतु मंडळीचे खरे जीवन पाहावयाचे असेल तर त्याच भागाकडे कान द्यावा. पाळक किंवा चिटणीस उभा राहून सूचना वाचतो. अमुक भगिनी इस्पितळात आहेत, तमुक कुटुंबाकडे बुधवारी प्रार्थना आहे, शब्बाथशाळेला दोन शिक्षक हवे आहेत, कबरस्तानातील गवत काढण्यासाठी तरुण संघाने शनिवारी सकाळी जमावे. बातमी आणि आवाहन यांची ही सरमिसळ मोठी बोलकी असते. बातमी सर्वजण ऐकतात; आवाहनाला मात्र बहुधा तीच ठरलेली माणसे उठतात.

नागपूरच्या मंडळ्यांना या बाबतीत एक विशेष जबाबदारी आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी उत्तर भारताच्या मंडळीची, अर्थात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची, स्थापना झाली ती याच शहरात, सदरमधील ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात. 1929 पासून चाललेल्या वाटाघाटींचे ते फळ होते. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेची संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट अशा सहा शाखा त्या दिवशी एकत्र आल्या. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी ऐन वेळी, म्हणजे त्याच वर्षी, अंग काढून घेतले. नव्या मंडळीने एकता, साक्ष आणि सेवा ही तीन पदे आपले ब्रीद म्हणून स्वीकारली. त्यातील पहिले पद कागदावर आले आणि दुसऱ्याचा उच्चार व्यासपीठावरून होत राहिला. तिसऱ्या पदाचा हिशेब मात्र कोणी फारसा मागितला नाही.

एकतेचा हिशेबही सरळ राहिला नाही, हे येथे सांगितले पाहिजे. विलीन झालेल्या मंडळ्यांच्या जमिनी, बंगले, शाळा आणि इस्पितळे कोणाची, हा प्रश्न देशभरातील न्यायालयांत वर्षानुवर्षे घोळत राहिला. गुजरातेतील ब्रदरन मंडळीच्या प्रकरणी 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरणाचा ठराव केल्याने विश्वस्त मालमत्ता आपोआप नव्या मंडळीकडे जात नाही, असा निर्वाळा दिला. निर्णयाचे कायदेशीर गुणदोष बाजूला ठेवले तरी एक गोष्ट खरी आहे: ज्यांनी आजाऱ्यांच्या उशाशी बसावयाचे, ती बुद्धिमान आणि उत्साही माणसे सातबाऱ्याचे उतारे आणि विश्वस्तपत्रे चाळण्यात खर्ची पडली.

नागपूरचा नकाशा उघडून पाहिला म्हणजे दुसरीही एक गोष्ट लक्षात येते. कॅथीड्रल सदरमध्ये, हिस्लॉप महाविद्यालय आणि भारतीय ख्रिस्ती मंडळ्यांच्या राष्ट्रीय परिषदेचे कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये, स्कॉटिश मिशनने स्त्रियांच्या उपचारासाठी उभारलेले म्युर मेमोरिअल इस्पितळ सीताबर्डीवर. ठळक संस्था जवळजवळ सगळ्या लोहमार्गाच्या पश्चिमेला आहेत. इंग्रजी अमदानीत छावणी, कचेऱ्या आणि साहेबांचे बंगले जेथे होते तेथेच त्या उभ्या राहिल्या, यात नवल नाही. नवल याचे की ते राज्य जाऊन इतकी वर्षे झाल्यावरही सेवेचा ओघ बहुतांशी त्याच पात्रातून वाहतो.

लोहमार्गाच्या पूर्वेला लकडगंज आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांतील सागवान ज्या बाजारपेठेने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, ती ही वस्ती. वखारी, आरागिरण्या, फर्निचरची दुकाने आणि त्यांच्या आधाराने जगणारा हमाल, सुतार व गाडीवान यांचा मोठा वर्ग येथे व भोवतालच्या मोहल्ल्यांत राहिला. येथील पेढ्यांवर श्रीमंती आहे, आणि पेढीच्या मागच्या गल्लीत भुसा श्वासाबरोबर ओढणारा मजूरही आहे. अशा वस्तीत राहणाऱ्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाने रविवारी रूळ ओलांडून उपासनेला जावे, सूचना ऐकाव्यात आणि परत यावे. आपल्याच गल्लीसाठी एकही सूचना त्यात नव्हती, हे त्याच्या ध्यानातही येऊ नये, इतकी ही सवय अंगवळणी पडली आहे.

आरंभीचा मिशनरी असा बंगल्यात बसून राहिला नव्हता. स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात आला आणि पुढच्याच वर्षी त्याने शाळा काढली. सहकारी रॉबर्ट हंटर याच्याबरोबर त्याने या भागातील जीवाश्म गोळा केले, आदिवासींच्या भाषा व चालीरीती टिपून ठेवल्या. ती टिपणे त्याच्या मृत्यूनंतर, 1866 साली, रिचर्ड टेंपल याने प्रसिद्ध केली. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटकडील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात तो बुडाला. त्याच्या हेतूंविषयी मतभेद असू शकतात, आणि असावेतही. पण हा परदेशी पाद्री धूळ तुडवीत हिंडला, हे त्याच्या टीकाकारालाही नाकारता येणार नाही.

हेतूंविषयीच्या त्या मतभेदांचे उत्तर देणे मात्र मंडळीला भाग आहे. नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, 1954 साली, सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. 1956 च्या तिच्या अहवालाने औषधोपचार व शिक्षण यांचा उपयोग धर्मांतरासाठी होऊ नये, असे स्पष्ट बजावले. (त्याच वर्षी स्वतः नियोगी डॉ. आंबेडकरांसमवेत नागपुरात बौद्ध धम्मात गेले, हा इतिहासाचा एक चमत्कारिक योग.) अहवालातील अनेक निष्कर्ष ख्रिस्ती समाजाला एकांगी वाटले, आणि तसे वाटण्यास कारणेही होती. तथापि, सेवेमागे सौदा असतो ही लोकांच्या मनातील शंका निषेधाच्या ठरावांनी जात नाही. सौदा नसलेली सेवा शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, वर्षानुवर्षे चालली तरच ती विरू लागते.

पैशाचा मार्गही आता अरुंद झाला आहे. परकीय देणग्यांवरील 1976 च्या कायद्याची जागा 2010 च्या कायद्याने घेतली. 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून एकपंचमांशावर आणली आणि एका संस्थेने दुसरीला असा निधी देणे बंद केले. या तरतुदी जाचक आहेत, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते व तीत तथ्य आहे. परंतु ज्या मंडळीची सेवा पगारी कार्यकर्ता आणि परदेशी धनादेश यांवाचून एक पाऊल टाकू शकत नाही, तिने आपल्या घडणीचाही थोडा विचार करावा. मराठी ख्रिस्ती स्त्रियांनी रोजच्या स्वयंपाकातून मूठभर धान्य काढून ठेवण्याची आणि ते मंडळीला अर्पण करण्याची रीत कितीतरी वर्षे चालविली. तिला कोणत्याही नोंदणी प्रमाणपत्राची गरज लागली नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हे दुखणे फार पूर्वी ओळखले होते. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. ती रेल्वे आजही लकडगंजला लागून असलेल्या इतवारीवरून पूर्वेकडे जाते. पुढे 1917 साली सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, आणि मिशनच्या पगाराशी व अधिकाराशी त्याचा संबंध नसावा, अशी त्यांची कल्पना होती. 1919 मध्ये टिळक वारले व दरबाराला बहर येण्याआधीच ओहोटी लागली. मराठी मंडळीने त्यांची भजने ठेवून घेतली. दरबाराची कल्पना मात्र कोणी उचलली नाही.

लकडगंजला नव्या इस्पितळाची किंवा आणखी एका पायाभरणी समारंभाची गरज नाही. येथला आजारी मजूर मध्यवर्ती मार्गावरून मेयो इस्पितळात जातो. तेथे चिठ्ठी कोठे काढावयाची, कोणत्या खिडकीशी उभे राहावयाचे, शिधापत्रिकेची प्रत कोठे जोडावयाची, हे त्याला कळत नाही, आणि या घोळात त्याची रोजी बुडते. निवृत्त शिक्षक, कारकून आणि परिचारिका यांची मराठी मंडळ्यांत वाण नाही. त्यांच्यापैकी दोघांनी आठवड्यातून एक सकाळ त्या खिडक्यांजवळ उभे राहावे. संध्याकाळी वखारीच्या गल्लीतील मुलांना कोणी तरी तासभर गणित शिकवावे आणि ते शिकवताना हातात फक्त गणिताचे पुस्तक असावे. पुढच्या रविवारी चिटणीसाच्या कागदावर यातले काही येते की नाही, हे शेवटच्या गीताआधी कळेल. ती सूचना वाचावयास अर्धे मिनिट पुरे आहे.