मे महिन्यात गिरडला बाईकवर जाताय? मोबाईल स्टँडवरून काढा

माझं आजोळ गिरडचं. समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव टेकडीवरच्या शेख फरीद बाबांच्या दर्ग्यासाठी ओळखलं जातं. टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल खडे सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल दगड झाला, अशी त्यांची गोष्ट लहानपणी ऐकली होती. पुढे कळलं की ते झिओलाइट नावाचं खनिज आहे. पण आजचा विषय खडे नाहीत, त्यांच्यावर पडणारं ऊन आहे.

गेल्या मे महिन्यात मामांना मागे बसवून समुद्रपूरहून गिरडला परत येत होतो. वेळ दुपारी दोनची. हँडलवरच्या स्टँडला मोबाईल लावलेला, मॅप सुरू (रस्ता पाठ आहे, तरी सवय!), ब्राइटनेस फुल्ल आणि बाईकच्या यूएसबी सॉकेटवर चार्जिंगही चालू. अर्ध्या वाटेत मामा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाच्या, गाडी थांबव. चक्कर येऊन राह्यली." एका कडुलिंबाखाली थांबलो, मामांना आडवं केलं आणि फोन करायला गेलो. स्क्रीनवर 'फोन खूप गरम झाला आहे' असा इशारा होता. पुढच्या काही सेकंदांत तो बंदच पडला.

शेवटी मामांच्या खिशातला कीपॅडवाला साधा फोन कामी आला. मावसभाऊ गाडी घेऊन आला, तोवर मी मामांच्या डोक्यावर ओला दुपट्टा धरून बसलो होतो. दवाखान्यात सलाईन लागलं आणि संध्याकाळी मामा चहा मागत होते. मी मात्र रात्रभर विचार करत होतो. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणवतो, आणि नेमक्या गरजेच्या वेळी माझाच फोन का मेला?

पहिली गोष्ट म्हणजे हवामान ॲपवरचं '४५ अंश' हे सावलीतलं तापमान असतं. हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून काही फूट उंचीवर, हवा खेळत्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. थेट उन्हातली काळी काच त्याहून कितीतरी जास्त तापते. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानं सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. नागपूरचा खरा विक्रम ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. तोही काही कमी नाही! आणि त्याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता. म्हणजे आपल्या भागातला मोबाईल आणि बाईक ४४ अंशांच्या फरकात जगतात.

आता फोनचं बघू. ॲपल आपला आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरायला सांगते. विदर्भात मार्चमध्येच आपण ती हद्द ओलांडतो. त्यात माझ्या फोनला चार बाजूंनी उष्णता मिळत होती: वरून ऊन, आतून फुल्ल ब्राइटनेसची स्क्रीन, जीपीएस आणि नेटवर्क शोधणारा मोडेम, आणि शिवाय चार्जिंग. यातला मोडेम लोकांच्या लक्षातच येत नाही. गावांच्या मधल्या पट्ट्यात टॉवर लांब असतो, तेव्हा फोनला जास्त ताकदीनं सिग्नल पाठवावा लागतो आणि तो तापतो.

फोनमध्ये तापमान मोजणारे छोटे सेन्सर असतात. पारा चढला की सॉफ्टवेअर पायरी पायरीनं माघार घेतं. आधी स्क्रीन मंद होते, मग प्रोसेसर हळू चालतो, मग चार्जिंग थांबतं, फ्लॅश बंद होतो, आणि शेवटी सगळंच बंद. म्हणजे माझा फोन बिघडला नव्हता, स्वतःला वाचवत होता. (आयफोनमध्ये तापमानाचा इशारा आल्यावरही इमर्जन्सी कॉल लागण्याची शक्यता असते, म्हणून प्रयत्न जरूर करा. रुग्णवाहिकेसाठी आपल्याकडे १०८.) मामांच्या फोनची स्क्रीन छोटी, काम जवळजवळ काहीच नाही, आणि तो खिशात सावलीत होता. त्याला तापायला कारणच नव्हतं.

"पण बाईकवर वारा लागतो ना?" हा प्रश्न मला नेहमी येतो. वारा फोनला हवेच्या तापमानाकडे खेचतो, त्याच्या खाली नेऊ शकत नाही. हवाच ४५ ची असेल तर फोन ४५ च्या खाली येणार कसा? आपल्या शरीराचं तर उलटच आहे. आपण ३७ अंशांचे, त्यामुळे ४५ ची झळ आपल्याला थंड करत नाही, तापवते. थंड करतो तो सुकणारा घाम. म्हणूनच आपल्याकडे दुपट्टा गुंडाळून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून गाडी चालवतात, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. खिशातल्या कांद्याबद्दल मी काही बोलणार नाही, मामी हा लेख वाचते.

मामीवरून आठवलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "ठेव ना त्याले फ्रिजमदी, पाच मिन्टात थंडा होते." हे मात्र कधीच करू नका. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर बाहेर पाणी जमतं, तसंच ते फोनच्या आत जमू शकतं. कव्हर काढा, स्वीच ऑफ करा, सावलीत पंख्याखाली ठेवा. बस.

थंडीतला फोन आणि उन्हातला फोन

लेहला नोकरीला असलेला कॉलेजमधला एक मित्र हिवाळ्यातही तिथे बाईक चालवतो. त्याला हा किस्सा सांगितला तर तो हसला. "माझा फोन ३० टक्क्यांवरून धाडकन बंद पडतो, आणि जॅकेटच्या आत ठेवला की पुन्हा जिवंत होतो!"

याचं कारण बॅटरीतल्या रसायनात आहे. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसरीकडे जातात. थंडीत त्यांची चाल मंदावते, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज घसरतं आणि फोनला वाटतं की बॅटरी संपली. चार्ज मात्र आतच असतो. ऊब मिळाली की परत येतो.

उन्हात असं होत नाही. उष्णतेनं नको त्या रासायनिक क्रिया वेगानं होतात, त्यात लिथियम कायमचं अडकतं आणि बॅटरीची क्षमता घटते. फोन संध्याकाळी थंड झाला तरी गेलेली क्षमता परत येत नाही. 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या संकेतस्थळावरचा अंदाज बघा: वर्षभर ४० अंशांत पूर्ण चार्ज करून ठेवलेल्या बॅटरीची क्षमता साधारण ६५ टक्के उरते, तीच ४० टक्के चार्जवर ठेवली तर ८५ टक्के. उष्णता आणि फुल्ल चार्ज ही जोडी सगळ्यात वाईट. मी स्टँडवर लावून नेमकं तेच करत होतो.

थंडीत फक्त एकच गोष्ट कायमचं नुकसान करते: शून्याखाली चार्जिंग. तेव्हा लिथियमचा धातूसारखा थर साचतो. माझा मित्र फोन आधी खोलीत ऊबदार करतो, मग चार्जर लावतो.

इलेक्ट्रिक स्कूटरलाही हेच लागू होतं. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. हिवाळ्यात तिथे रेंज कमी होते, उन्हाळ्यात परत येते. आपल्याकडे रेंज एकदम घटत नाही, बॅटरी गुपचूप म्हातारी होते. नवी स्कूटर घेणार असाल तर दुकानात बॅटरीचा प्रकार विचारा. एलएफपी प्रकार उष्णतेत जास्त स्थिर असतो, थंडीत मात्र जरा कच्चा. विदर्भात राहणाऱ्यानं काय निवडावं हे मी वेगळं सांगायला नको. आणि भर दुपारी चालवून आणल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत निवू द्या.

पेट्रोल बाईकचं थोडक्यात. लडाखच्या थंडीत साधं डिझेल गोठायला लागतं, म्हणून २०१९ मध्ये तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आलं. पेट्रोलला ती अडचण नाही. ऑइलच्या डब्यावर '२०डब्ल्यू-४०' लिहिलेलं असतं, त्यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरम इंजिनातला. मॅन्युअलमध्ये जो लिहिलाय तोच टाका. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा, कारण दर १० अंशांना दाब साधारण दीड पीएसआयनं वाढतो. आणि हो, मोठ्या बाईकचा थरथराट आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरण यंत्रणा खराब करू शकतो, असा इशारा ॲपलनं २०२१ मध्येच दिलाय. स्टँड काढायला हे आणखी एक कारण!

आता मी काय करतो? गिरडला निघताना मॅप ऑफलाइन उतरवून घेतो, स्क्रीन बंद ठेवून हेल्मेटमधल्या एका इअरफोनवर फक्त आवाज हळू सुरू ठेवतो. फोन सॅकमध्ये, कोरड्या दुपट्ट्यात गुंडाळलेला. चार्जिंग रात्री, ८० टक्क्यांपर्यंतच. बारा ते चार गाडी काढायची नाही, हा नियम मामांनीच घातलाय. आणि त्यांचा तो कीपॅड फोन दर रविवारी मी स्वतः चार्ज करून त्यांच्या खिशात ठेवतो.