‘दा विंची कोड’चे खरे कोडे पहिल्याच पानावर

चंद्रपूरच्या परकोटाची कथा येथील आबालवृद्धांना ठाऊक आहे. गोंडराजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला गेला असता एका सशाने उलट त्याच्या कुत्र्याचाच पाठलाग केला आणि ज्या वाटेने हा पाठलाग झाला, त्या वाटेवर पुढे परकोट उभा राहिला, असे सांगितले जाते. झरपट नदीच्या पाण्याने राजाची व्याधी बरी झाली आणि तेथे अचलेश्वराचे मंदिर उभारले गेले, ही कथाही त्याच परंपरेतील. या कथांचा पुरावा मागण्यासाठी कोणी न्यायालयाची पायरी चढल्याचे ऐकिवात नाही. सांगणारा ‘असे म्हणतात’ या शब्दांनी सुरुवात करतो आणि ऐकणाऱ्याला त्या दोन शब्दांचे वजन ठाऊक असते.

अमेरिकी लेखक डॅन ब्राउन यांनी ‘द दा विंची कोड’ या कादंबरीत नेमके हे दोन शब्द गाळले. मार्च २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि जगभरात आठ कोटींहून अधिक प्रती खपलेल्या या पुस्तकावरून वाचकांमध्ये जी फूट पडली, तिचे मूळ या एका गाळलेल्या जागेत आहे.

कथानक सर्वपरिचित आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या अभिरक्षकाचा खून होतो. रॉबर्ट लँग्डन हा चिन्हशास्त्राचा प्राध्यापक आणि सोफी ही पोलीस खात्यातील तरुणी सांकेतिक खुणांचा माग काढू लागतात. येशू ख्रिस्ताचा मेरी मॅग्डालेनशी विवाह झाला होता, त्यांचा वंश आजही हयात आहे आणि हे सत्य चर्चने दडपून ठेवले, अशा ‘रहस्या’पाशी हा शोध पोहोचतो. प्रकरणे आखूड, प्रत्येकाच्या शेवटी नवा पेच. त्यामुळे पुस्तक हातातून सुटत नाही. मेहता पब्लिशिंग हाऊसने मराठी अनुवाद आणल्यावर इंग्रजी न वाचणाऱ्या वाचकांपर्यंतही ते पोहोचले.

या कथेच्या आधी ‘तथ्य’ या मथळ्याखाली एक छोटे पान येते. ‘प्रायरी ऑफ सायन’ ही १०९९ मध्ये स्थापन झालेली गुप्त संघटना खरोखरच अस्तित्वात आहे आणि पुस्तकातील कलाकृती, वास्तू, कागदपत्रे व गुप्त विधी यांची वर्णने अचूक आहेत, असा त्या पानाचा दावा आहे. कथेत कल्पना आणि सत्य यांची सरमिसळ चालतेच. इथे मात्र वाचकाला दारातच सांगितले जाते की, आतले सामान अस्सल आहे.

ते अस्सल नाही. ‘प्रायरी ऑफ सायन’ची नोंदणी पिएर प्लांतार या फ्रेंच गृहस्थाने १९५६ मध्ये केली. संघटनेचा मध्ययुगीन इतिहास सांगणारी कागदपत्रे त्याने व त्याच्या साथीदारांनी बनवून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवली होती. पुढे १९९३ मध्ये फ्रेंच न्यायाधीशांसमोर त्याने ही बनवाबनवी कबूल केली, म्हणजे कादंबरी येण्याच्या दहा वर्षे आधी. ‘ओपस देई’ ही १९२८ मध्ये स्थापन झालेली कॅथलिक संघटना खरी. पण तिच्यात कादंबरीतल्यासारखे मठवासी साधू नसतात. लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडला ६६६ तावदाने असल्याचे कादंबरी सांगते. संग्रहालयाच्या हिशेबाने ती ६७३ आहेत. ही चूक किरकोळ म्हणून सोडून देता येईल, पण पुस्तक अचूकतेची हमी देते आणि ६६६ हा बायबलमधील सैतानी पशूचा आकडा आहे, हे विसरून चालणार नाही.

ख्रिस्ती वाचकाला खरी जखम झाली ती वेगळ्या ठिकाणी. इ.स. ३२५ मधील निकेआच्या धर्मपरिषदेत मतदान घेऊन येशूला देवत्व बहाल करण्यात आले आणि तेही थोड्या मतांच्या फरकाने, असे कादंबरीतील एक विद्वान पात्र सांगते. प्रत्यक्षात परिषदेपुढचा प्रश्न पित्याशी पुत्राचे नाते नेमके कसे, हा होता. येशूची ईश्वर म्हणून उपासना त्याआधीच रूढ झालेली होती. शेकडो धर्माध्यक्षांपैकी अखेरपर्यंत स्वाक्षरी नाकारणारे दोघेच निघाले. विवाहाच्या कथेपेक्षाही हा आरोप श्रद्धेच्या मुळावर घाव घालणारा आहे, हे बाहेरच्या वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

हा वाचक दूर युरोपातच आहे असेही नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे कॅथलिक चर्चच्या ज्या चांदा धर्मप्रांतात येतात, तो सिरो-मलबार परंपरेचा आहे. येशूचे शिष्य थॉमस इ.स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरले, अशी या परंपरेची श्रद्धा आहे. त्याला समकालीन लेखी पुरावा नाही, हे त्या समाजातील अभ्यासकही जाणतात. परंपरा आणि दस्तऐवज यांतला भेद सांभाळत हा समाज पिढ्यानपिढ्या जगत आला आहे. आपली श्रद्धा म्हणजे एक कारस्थान आहे, असे कोणी ‘तथ्य’ म्हणून छापले की तो दुखावणारच.

दुसऱ्या बाजूच्या वाचकांचे म्हणणेही उडवून लावण्याजोगे नाही. विशेषतः अनेक स्त्री-वाचकांना या पुस्तकाने जे दिले, ते कारस्थानाच्या पलीकडचे होते. मेरी मॅग्डालेन ही पतिता होती, असे शुभवर्तमानात कोठेही म्हटलेले नाही. पोप पहिले ग्रेगरी यांनी ५९१ मधील प्रवचनात तिची आणि दुसऱ्या एका अनाम पापी स्त्रीची सांगड घातली आणि ही प्रतिमा शतकानुशतके चित्रांतून, प्रवचनांतून रुजली. रोमन धर्मदिनदर्शिकेच्या १९६९ मधील सुधारणेत ही गल्लत दूर झाली. पुढे २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या कारकिर्दीत २२ जुलै या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. पुनरुत्थित येशूचे प्रथम दर्शन जिला झाले, तिला इतकी शतके पतिता म्हणून ओळखले गेले, ही कोणत्याही कादंबरीपेक्षा मोठी गोष्ट आहे. ब्राउन यांनी या खऱ्या अन्यायाला खोट्या वंशावळीची जोड दिली आणि अन्यायाची चर्चा बाजूलाच राहिली.

पुस्तकापेक्षा मोठा भडका उडाला तो २००६ मध्ये, चित्रपटाच्या वेळी. मुंबईत कॅथलिक संघटना रस्त्यावर उतरल्या, उपोषणाची घोषणा झाली. येशूला पैगंबर मानणाऱ्या काही मुस्लिम संघटनांनीही त्यांना पाठिंबा दिला. शहरातील एका माजी नगरसेवकाने तर लेखकाला हजर करणाऱ्यास अकरा लाखांचे इनाम जाहीर केले. श्रद्धेची बाजू मांडण्याची ही रीत श्रद्धेलाच उणेपणा आणणारी होती. तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी चर्चच्या प्रतिनिधींसमवेत चित्रपट पाहिला. अखेर ‘केवळ प्रौढांसाठी’ प्रमाणपत्र आणि ही कथा काल्पनिक असल्याचे निवेदन जोडून, जगाच्या मागून आठवडाभराने, २६ मे २००६ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. गोवा, तमिळनाडू, आंध्र प्रदेश अशा काही राज्यांनी तरीही बंदी घातली. तमिळनाडू व आंध्रमधील बंदी तेथील उच्च न्यायालयांनी रद्द केली, तर देशव्यापी बंदीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जून २००६ मध्ये फेटाळली. बंदीने कोणाची शंका फिटली नाही. चित्रपट सामान्य होता, हे ज्यांना दोन तासांत कळले असते, त्यांचे कुतूहल मात्र वाढले.

मराठी वाचकाने या वादाकडे परक्याच्या नजरेने पाहण्याचे कारण नाही. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला, हा इतिहास आहे. आनंदीबाईंनी पत्रातील ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, हे मात्र समकालीन कागदपत्रांतून सिद्ध झालेले नाही. तरीही ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार झाला आणि एक स्त्री कायमची आरोपी ठरली. नाटक-कादंबऱ्यांतून इतिहास शिकण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. त्या इतिहासाची पडताळणी करायला निदान मराठीत कागदपत्रांचे छापील खंड आहेत. प्रारंभीच्या ख्रिस्ती इतिहासाबाबत मराठी वाचकाकडे तेवढाही आधार नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आहे, फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ची चारशे वर्षांची परंपरा आहे, पण निकेआत काय घडले, हे जिल्ह्याच्या ठिकाणच्या वाचनालयात पाहायचे तर ‘दा विंची कोड’चा अनुवादच आधी हाती लागण्याचा संभव अधिक.

चित्रपटाला ‘काल्पनिक’ असल्याचे निवेदन जोडावे लागले. पुस्तकाच्या आरंभी मात्र ‘तथ्य’ हे पान तसेच राहिले.