एक्क्याऐंशी हजार सांधे

मुंबई सेंट्रलपासून सुरत २६३ किलोमीटर. हिवाळ्यातल्या पहाटे या मार्गावरचा रूळ पंधरा अंशांच्या आसपास निवतो, आणि मे महिन्याच्या दुपारी तोच रूळ पासष्ट अंशांपर्यंत तापू शकतो. हवा चाळीस अंशांचीच असते, पण उघड्या उन्हात पडलेले पोलाद हवेच्या फार पुढे जाते. दर अंशाला, दर किलोमीटरमागे ते साडेअकरा मिलिमीटर वाढते. पन्नास अंशांचा फरक धरला तर किलोमीटरमागे ५७ सेंटिमीटर आणि मुंबई ते सुरत मिळून १५१ मीटर. रूळ मोकळा सोडला असता तर तो उन्हाळ्यात सुरतेचे स्टेशन ओलांडून सहा डब्यांची गाडी मावेल इतका पुढे सरकला असता.

तो सरकत नाही. का सरकत नाही, हे रुळांच्या सांध्यांत दडलेले आहे. रेल्वेचे मोठेपण आपण किलोमीटरमध्ये सांगतो. माझ्या मते ते सांध्यांत सांगायला हवे, कारण रुळाचा मधला भाग सहसा दगा देत नाही. संकट टोकाशी, जोडाशी उभे असते.

सुरतेजवळ रेल्वे आली ती कापसासाठी. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने आपला पहिला मार्ग १८६० मध्ये अंकलेश्वर ते उतराण असा टाकला. उतराण म्हणजे तापीचा उत्तर काठ, पलीकडे सुरत. मुंबईपर्यंत रूळ पोचायला १८६४ साल उजाडले. त्याच्या थोडे आधी, १८४७ मध्ये, इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिजेस अॅडम्स आणि रॉबर्ट रिचर्डसन यांनी फिशप्लेटचे पेटंट घेतले होते. दोन रुळांची टोके समोरासमोर आणायची, दोन्ही बाजूंनी एकेक पोलादी पट्टी लावायची आणि आरपार बोल्ट आवळायचे. टोकांमध्ये काही मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवायची, उन्हाळ्यात रुळाला वाढायला जागा म्हणून. आपल्याकडे ब्रॉडगेजचा रूळ १३ मीटरचा असे. पन्नास अंशांत तो साडेसात मिलिमीटर वाढतो, आणि तेवढी वाढ त्या फटीत जिरते.

आता हिशेब करू. १३ मीटरचा एक रूळ म्हणजे किलोमीटरला ७७ सांधे. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी मिनिटाला एक किलोमीटर कापते, म्हणून प्रत्येक चाक मिनिटाला ७७ वेळा फटीवर आपटते. मुंबई ते सुरत असा सगळा रस्ता फिशप्लेटांचा असेल तर एकेका चाकाला वीस हजारांवर ठोके. नंदुरबार, अमळनेर, जळगावहून तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेच्या मागांवर आणि कापड बाजारात कामाला आलेल्या खानदेशी माणसांच्या कितीतरी पिढ्यांनी हा ठेका रात्रभर ऐकला. त्याची आठवण गोड असते. रुळाच्या दृष्टीने मात्र तो मार होता. प्रत्येक ठोक्याला रुळाचे टोक किंचित चेपते, खालचा स्लीपर खचतो, खडी भुसभुशीत होते आणि पुढचे चाक आणखी जोरात आपटते. जाण्याचा एक आणि येण्याचा एक, असे दोनच मार्ग धरले तरी मुंबई-सुरत दरम्यान चार रूळ, म्हणजे १,०५२ किलोमीटर पोलाद. त्याचे तेरा-तेरा मीटरचे तुकडे केले तर जवळपास ८१,००० सांधे आणि सांध्याला चार याप्रमाणे सव्वातीन लाख बोल्ट. यांतला प्रत्येक बोल्ट ढिला होऊ शकतो, आणि तो माणसाने जाऊन आवळायचा असतो.

मग सांधाच नको, रूळ सलग जोडून टाकू, असे म्हणावे तर ते दीडशे मीटर कुठे जायचे? ही गोष्ट मला रेल्वेतली सर्वांत अचंब्याची वाटते. रूळ स्लीपरला क्लिपांनी आणि स्लीपर खडीला आपल्या भाराने इतके घट्ट धरून ठेवतात की वाढायची इच्छा असूनही रुळाला वाढता येत नाही. न झालेली वाढ आतल्या आत ताण होऊन बसते. मीटरला ६० किलो वजनाचा रूळ एक अंश तापला की त्याच्यात १.९ टन दाब साठतो. चाळीस अंशांवर पक्का केलेला रूळ पासष्टला पोचला की एका रुळात जवळपास ४८ टन, दोन्ही मिळून ९५ टन. आणि रूळ एक किलोमीटर असो की शंभर, हा आकडा तोच राहतो, कारण दाब लांबीवर नाही, तापमानावर आणि रुळाच्या जाडीवर ठरतो. सलग रुळाची दोन्हीकडची साधारण शंभर-शंभर मीटर टोकेच काय ती पुढेमागे होतात. मधला भाग, मग तो कितीही लांब असो, जागचा हलत नाही.

हिवाळ्यात सगळे उलटे होते. चाळीसला पक्का केलेला रूळ पंधरावर आला की तोच ४८ टनांचा जोर आता खेचायला लागतो. जोड कच्चा असेल तर थंडीच्या पहाटे तो तडकतो. उन्हाळ्यात भीती वेगळी: खडी कमी पडलेली असेल तर रूळ बाजूला फुगून वाकतो. म्हणून रूळ ज्या तापमानाला पक्का केला त्याच्या वर वीस अंश पारा चढला की उन्हातली गस्त सुरू होते. आपण पंखा वाढवतो त्या वेळी गँगमन रुळावर उतरलेला असतो.

हे टन पेलणारा जोड दोन रीतींनी होतो. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८९५ मध्ये थर्मिटचे पेटंट घेतले आणि १८९९ मध्ये एसेन शहरात ट्रामचे रूळ थर्मिटने जोडले गेले. दोन रुळांमध्ये २५ मिलिमीटरची फट ठेवतात, तिच्याभोवती साचा बसवतात, रुळांची टोके आधी तापवून घेतात. वर मुशीत अॅल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड. पेटवले की अॅल्युमिनियम लोखंडाकडचा ऑक्सिजन हिसकावून घेते, वीस-पंचवीस सेकंदांत तापमान अडीच हजार अंशांच्या घरात जाते आणि वितळलेले पोलाद फटीत उतरते. वीज लागत नाही, कारखाना लागत नाही. खडीवर उभ्या चार-पाच माणसांची टोळी हे काम करते. पण साचा किंचित ओला असला किंवा टोके नीट तापली नसली, तर आत बुडबुडा राहतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ध्वनिलहरींनी तपासावे तेव्हा कळतो.

दुसरी रीत फ्लॅश बट वेल्डिंगची. यंत्र दोन्ही रुळांना पकडते, टोकांमधून प्रचंड वीजप्रवाह सोडते, टोके वितळू लागली की ती एकमेकांवर दाबते. लोहार दोन लाल पट्ट्या घणाखाली एकजीव करतो तसेच हे, फक्त घणाच्या जागी कित्येक टनांचा दाब. बाहेरून काही घालावे लागत नाही. भिलाईच्या कारखान्यात १३० मीटरचे रूळ तयार होतात आणि असे दोन जोडून २६० मीटरचा सलग रूळ गाडीवर चढतो. जुन्या मापाने जिथे वीस तुकडे लागले असते, तिथे कारखान्यातला एकच जोड.

सुरतेत या मोजदादीने आता वेगळीच उडी घेतली आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरचा. चार रूळ धरले तर २,०३२ किलोमीटर, वजन सव्वा लाख टनांच्या जवळ. रूळ येतात २५ मीटरचे. सुरत-बिलिमोरा पट्ट्यात ते उन्नत मार्गावरच यंत्राने जोडून २०० मीटरचे केले जातात. आठ रूळ, सात जोड. डेपो आणि गाडी रूळ बदलते त्या जागा सोडल्या तरी पूर्ण मार्गाला ८१,२८० जोड येतात. जुन्या मुंबई-सुरत रस्त्याचा फिशप्लेटांचा हिशेबही याच्या जवळचाच होता, पण तिथे प्रत्येक सांधा उघडा होता, इथे सगळे बंद. यंत्राने होणारे ७१,००० सोडले तर २००-२०० मीटरच्या तुकड्यांना एकमेकांशी बांधणारे दहा हजारांवर जोड उरतात. एका जोडात तीन सेंटिमीटर पोलाद वितळून जाते असे धरले, तर यंत्राच्या जोडांतच दोन किलोमीटरहून अधिक रूळ खर्ची पडतो.

बुलेट ट्रेनचा वेग ताशी ३२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८९ मीटर. २०० मीटरचा तुकडा सव्वादोन सेकंदांत संपतो. या वेगात १३ मीटरच्या फिशप्लेटी असत्या तर चाकाला सेकंदाला सात ठोके बसले असते. तो मार कोणताच रूळ फार दिवस सोसू शकत नाही. खडीही इथे नाही. तिच्या जागी काँक्रीटच्या लाद्या आहेत: ४.९ मीटर लांब, २.२ मीटर रुंद, १९ सेंटिमीटर जाड, एकेक ३.९ टनांची. सुरत जिल्ह्यातल्या किम गावाजवळच्या कारखान्याकडे अशा ९६,००० लाद्यांचे काम आहे, एकूण पावणेचार लाख टन. सुरतेच्या डेपोत सरावासाठी खास तीन मार्ग टाकून तिथे जपानी तज्ज्ञांनी आपल्या अभियंत्यांना आणि कारागिरांना धडे दिले. त्यांत थर्मिट जोड आणि जोडानंतरची घासाई हे विषय स्वतंत्र होते. मला ते फार मोलाचे वाटते. अब्जावधींच्या प्रकल्पात एका माणसाला रुळाचा माथा मिलिमीटरच्याही भागांत सपाट घासायला शिकवले जाते, आणि त्याचा हात चुकला तर बाकीच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

त्याच किमजवळ, जुन्या मार्गावर, २१ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे दोन फिशप्लेटी आणि ७१ क्लिपा काढलेल्या आढळल्या. वाहतूक थांबवली, दुरुस्ती झाली, गाड्या सुटल्या. पुढच्या काही दिवसांत पोलिसांनी रेल्वेच्याच तीन कर्मचाऱ्यांना अटक केली. आरोपांचा निवाडा न्यायालयाने करायचा. मी फक्त आकडे शेजारी ठेवतो. किलोमीटरला १,६६० स्लीपर आणि स्लीपरला चार क्लिपा धरल्या तर मुंबई-सुरत दोन मार्गांवर ३५ लाख क्लिपा होतात. त्यांपैकी एकेक क्लिप साधारण एक टन जोराने रूळ दाबून धरते. पस्तीस लाखांत ७१ म्हणजे काहीच नाही, पण त्या एकाच जागी निघाल्या तर वरून जाणाऱ्या गाडीतली हजारभर माणसे धोक्यात येतात. हातोडा आणि पाना घेऊन निघणारा कीमन पाच-सहा किलोमीटरच्या एका फेरीत अशा चाळीस हजार क्लिपांवरून नजर फिरवतो, पावसात, उन्हात, एकट्याने. त्याचे नाव कुठल्याच उद्घाटनाच्या पाटीवर येत नाही. यायला हवे.

उधना, लिंबायत, किम, बिलिमोरा, नंदुरबार; रुळाशेजारी राहणारे आपण लाखो लोक आहोत. रुळाला तडा, निघालेला बोल्ट, बाजूला पडलेली पट्टी किंवा रुळावर ठेवलेली कुठलीही वस्तू दिसली, तर जवळच्या स्टेशनला किंवा फाटकावर ताबडतोब सांगा, किंवा १३९ या क्रमांकावर फोन करा.