केसपेपरचा उजवा कोपरा

शटर कुणीतरी तळहाताने वाजवत होतं. बाहेर धो धो पाऊस. मोटरसायकलवर तिघं आले होते: पुढे दीर, मागे नवरा आणि मधे दोघांनी धरून बसवलेली ती. ठाकूरवाडीवरून निघाले तेव्हा ती बोलत होती, आता जीभ जड झाली होती. जमिनीवर गोधडी टाकून झोपली होती. मध्यरात्रीनंतर मुंगी चावल्यासारखं वाटलं, मग पोटात कळा सुरू झाल्या. गोधडी झटकली तेव्हा मण्यार निघाली, काळीभोर, अंगावर पांढरे पट्टे.

मी तिच्या पापण्या पाहत होते. सिस्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कोऱ्या केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात वेळ टाकली: ३:४०.

भिवपुरी रोड स्टेशनजवळ माझा चार खाटांचा दवाखाना आहे. आसपासच्या वाड्या, फार्महाउसवर राबणारी माणसं, कॉलेजची मुलं आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्यावर घसरून पडलेले मुंबईकर, असे माझे रुग्ण. नवीन डॉक्टर भेटले की विचारतात, ‘मॅडम, कायद्याचं कसं सांभाळता? वकील कोण? कुठलं पुस्तक वाचायचं?’ मी त्यांना त्या पहाटेचा कागद दाखवते, नाव झाकून.

३:४५ला दोन मिलिलिटर रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत ठेवलं. ही नळी वीस मिनिटं हलवायची नाही, हातही लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय धरायचा. मण्यारीचं विष रक्ताला सोडून नसांवर जातं, पण गोधडीत सापडलेला साप आणि चावलेला साप एकच होता हे गृहीत धरायचं नसतं. तोवर तिला एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. अठरापर्यंत गेली. कागदावर १८ लिहिलं. ३:५५ला प्रतिसर्पविष सुरू केलं, दहा कुप्या. प्रत्येक कुपीचा बॅच नंबर सिस्टर मोठ्याने वाचत होती आणि लिहीत होती. रिअॅक्शन आली तर हाताशी असावं म्हणून अॅड्रिनलिन भरून ट्रेमध्ये ठेवलं, तेही लिहिलं. ४:०५ला नळी तिरकी केली, रक्त गोठलेलं होतं. पुन्हा आकडे मोजायला लावले, या वेळी १४वर थांबली.

श्वास आखडत चालला होता आणि माझ्याकडे व्हेंटिलेटर नाही. १०८ला फोन पहिल्या पाच मिनिटांतच झाला होता. आता नवऱ्याला समोर बसवलं. ‘दादा, औषध चालू केलंय. पण हिचा श्वास थांबला तर मशीन लागेल, ते माझ्याकडे नाही. कर्जतच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. वाटेतही धोका आहे. सिस्टर बरोबर येईल, श्वास द्यायचा फुगा घेऊन.’ ते म्हणाले, ‘वाचंल ना?’ मी म्हटलं, ‘आशा आहे. खात्री देत नाही.’ हे दोन्ही शब्द तसेच कागदावर उतरले. खाली त्यांचा अंगठा, शेजारी दिराची सही साक्षीदार म्हणून. ४:२०ला गाडी निघाली.

प्रत्येक ओळीपुढे घड्याळ टाकायची सवय मला कुठल्या वर्गात लागली नाही. दवाखाना सुरू केल्यावर दुसऱ्याच वर्षी एका म्हाताऱ्या गृहस्थांना रात्री छातीत दुखतंय म्हणून आणलं होतं. मी गोळ्या दिल्या आणि चिठ्ठी लिहिली: ‘पुढील उपचारासाठी पाठवत आहे.’ एवढंच. नाडी नाही, रक्तदाब नाही, वेळ नाही. ते वाटेतच गेले. दिवसकार्य उरकल्यावर मुलगा आला. भांडायला आला नव्हता. एकच विचारत होता: ‘डॉक्टर, तुमच्याकडून आम्ही किती वाजता निघालो? मी म्हणतो अकरा, भाऊ म्हणतो साडेअकरा. गाडी शोधण्यात आमचा वेळ गेला का?’ मी सांगू शकले नाही. त्याने पुढे कुठे तक्रार केली नाही. पण भावाभावांतला तो अर्धा तास मिटवण्याची सोय माझ्या हातात होती आणि मी ती केली नव्हती. मला त्याची आजही खंत आहे.

त्यानंतर मी निकाल वाचायला लागले. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या भारतीय कायद्यात पायाचा मानला जाणारा एक खटला आपल्याच मुलखातला आहे. ६ मे १९५३ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका विद्यार्थ्याच्या मांडीचं हाड मोडलं. वडील दौंडला डॉक्टरकी करत होते. मुलाला टॅक्सीने पुण्याला नेलं, आणि ९ मेच्या रात्री तो गेला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९६८मध्ये निकाल लागला, भरपाई ३,००० रुपये. न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करायचा हे ठरवताना आणि तो उपचार करताना घ्यायची काळजी. चार खाटांच्या दवाखान्यात पहिलं कर्तव्य सगळ्यात कठीण. काय आपल्या आवाक्यात आहे आणि काय नाही, हे पहाटे पावणेचारला ठरवायचं असतं.

१९९५च्या व्ही. पी. शांता निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली. तेव्हा पुष्कळ डॉक्टरांना हा अपमान वाटला. मला वाटत नाही. रायगडच्या ग्राहक आयोगासाठी अलिबागला जावं लागतं. आमच्या वाडीवरच्या माणसाला त्यासाठी अख्ख्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. इतकं करून कोणी आलाच, तर त्याला काहीतरी कळलेलं नसतं किंवा त्याच्यावर खरोखर अन्याय झालेला असतो. दोन्हींचं उत्तर कागदात असायला हवं. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेप्रमाणे भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे, आणि रुग्णाने मागितले की ७२ तासांत द्यायचे. ग्राहक तक्रारीची मुदत साधारण दोन वर्षांची. मी त्याहून जास्त काळ ठेवते, लहान मुलांचे तर टाकतच नाही.

पण जपायचे कसे, ते पुस्तकात नाही. इथे चार महिने हवेत पाणी असतं. पहिल्या पावसाळ्यात जेल पेनाने लिहिलेले माझे कागद असे फुटले की औषधाचं नाव आणि मात्रा यांचा एकच निळा डाग झाला. तेव्हापासून फक्त बॉलपेन. गोदरेजच्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा ठेवतो, महिन्यावार गठ्ठे प्लास्टिकच्या पिशवीत बांधतो, कसर लागू नये म्हणून दिवाळीनंतर उन्हात उलगडतो. दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर पसरलेले ते पिवळट कागद सिस्टर पाटीखाली दाबून ठेवते. या कामाला पूर्ण दिवस लागतो आणि त्या दिवशी आम्ही ओपीडी अर्धीच ठेवतो.

संमतिपत्राचंही तसंच. सुरुवातीला एका परिषदेत छापील संच विकत घेतला होता, आठ पानी आणि इंग्रजीत. त्यावर अंगठा घेताना मला लाज वाटली. मग मी मराठीत एक पान लिहिलं: काय झालंय, काय करणार, काय बिघडू शकतं, दुसरा पर्याय कोणता, नाही केलं तर काय होईल. मधे रिकाम्या ओळी, कारण प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं. त्या हाताने भरायच्या, वाचून दाखवायच्या आणि वाचून कोणी दाखवलं त्याचं नाव लिहायचं.

बाकीचे सोपस्कार थोडक्यात सांगते. भिंतीवर मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, त्याचं नूतनीकरण पाच वर्षांनी. पाटीवर आम्ही ‘दवाखाना’ लिहिलं तरी खाटा आल्या की कायद्याच्या लेखी ते नर्सिंग होम होतं आणि १९४९च्या कायद्याखाली नोंदणी लागते. त्या नियमांत २०२१मध्ये बदल होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं आलं. आमचं दरपत्रक औषधाच्या खिडकीशेजारी, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. व्यवसाय कर, वर्षाला २,५०० रुपये. विमा घेतलेल्यांनी एक गोष्ट नीट बघावी: डॉक्टरांच्या नुकसानभरपाई पॉलिसीत बहुतेकदा दावा येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. मधे एक वर्ष खंड पडला की मागच्या वर्षांचं संरक्षण हातचं जाऊ शकतं.

कचऱ्याचे चार रंग तर आता मावशींनाही पाठ आहेत. रक्त लागलेला कापूस पिवळ्यात, सलाइनची नळी लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. २०१६च्या नियमांप्रमाणे ४८ तासांवर कचरा साठवायचा नाही. उल्हास नदीला पूर आला की रस्ते बंद होतात आणि कचऱ्याची गाडी येत नाही. अशा वेळी गप्प बसायचं नाही. पिशव्या कुलपात ठेवून प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी कारणासकट कळवायचं. आमच्या फायलीत अशा पत्रांच्या प्रती आहेत.

पैशाच्या नोंदीबद्दल मी आग्रही आहे. आयकराच्या १९६२च्या नियमांत डॉक्टरांसाठी ‘थ्री-सी’ नावाची रोजची वही सांगितली होती: तारीख, अनुक्रमांक, रुग्णाचं नाव, काय सेवा दिली, किती फी मिळाली, कधी मिळाली. शेवटच्या दोन रकान्यांत माझ्या गावाची सगळी शेती दिसते. श्रावणातली फी कार्तिकात जमा झालेली असते, भात झोडून झाल्यावर. आणि जे त्या वहीत लिहिता येणार नाही ते घ्यायचं नाही. आमच्याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर आहेत, विंचूदंशावरच्या संशोधनामुळे जगाला माहीत झालेले. २०१३मध्ये एका तपासणी केंद्राने रुग्ण पाठवल्याबद्दल त्यांना १,२०० रुपयांचा चेक पाठवला. त्यांनी तो परत केला आणि वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. कट घेणं आचारसंहितेत निषिद्धच आहे. रायगडमध्ये डॉक्टरकी करताना मला त्या चेकची आठवण ठेवावीशी वाटते.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) लागू झालं आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली. तरुण डॉक्टर याने धास्तावतात. त्यांना मी २००५चा जेकब मॅथ्यू निकाल वाचायला देते. फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो. आणि तपास अधिकाऱ्याने आधी त्याच विषयातल्या निःपक्ष, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यायचं असतं. असं मत देणारा त्या रात्री खोलीत नव्हता. त्याच्यासमोर माझा कागदच असणार.

हाच कागद रुग्णाच्या घरच्यांचाही आधार असतो. शेतकरी सर्पदंशाने दगावला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळू शकतात. त्या अर्जाला वैद्यकीय कागद लागतात. ‘साप चावला असे नातेवाईक सांगतात’ यापुढे डॉक्टरने स्वतः काय पाहिलं ते लिहिलेलं नसेल, तर त्या घरच्यांच्या फेऱ्या वाढतात.

त्या पहाटेच्या कागदावर शेवटची एक ओळ कोरी होती. सिस्टर रुग्णाला सोपवून परतली तेव्हा इतकी थकली होती की रुग्णालयातली वेळ बघायची राहून गेली. नंतर फोन करून विचारता आलं असतं, पण ऐकीव वेळ मी लिहीत नाही.

अकराव्या दिवशी ती आली, स्वतःच्या पायांनी, नवऱ्याच्या मागे. पापण्या पूर्ण उघड्या होत्या. आवाज घोगरा होता, घशात नळी होती म्हणून. नवऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड काढलं, त्याच्या घडीतून डिस्चार्ज कार्ड, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. ‘म्याडम, हा ऱ्हायला होता ना तुमचा?’ त्यांना कुणी सांगितलं होतं की त्या रात्री मीच बोलता बोलता म्हणाले होते, हे मला आठवत नाही.

कार्डावर दाखल केल्याची वेळ होती. सिस्टरने गठ्ठ्यातून आमचा कागद काढला. मी त्या दिवशीची तारीख घातली, ‘डिस्चार्ज कार्ड पाहून’ असं लिहिलं आणि ओळ भरली: कर्जतला दाखल, पहाटे ४:५०.